ललिता पवार: थपडेच्या आधी आणि नंतर

आखाडा बाळापुरात, म्हणजे आमच्या गावात, ‘ललिता पवार’ हे नाव कुणा खऱ्या बाईचं आहे हे लहानपणी आम्हा पोरांच्या डोक्यातही यायचं नाही. ते विशेषण होतं. सुनेला माहेरी जाऊ न देणारी, डब्यातली साखर मोजून ठेवणारी, दारात उभी राहिली की गल्लीतली पोरं बॅट लपवतील अशी कुठलीही म्हातारी म्हणजे ललिता पवार. आमच्या गल्लीत हा मान माझ्या आजीकडे होता. लहानपणी तिला देवी आल्या, त्यात एक डोळा अधू झाला. आवाज करडा. नवरा लवकर गेला, चार एकर हळद-सोयाबीन आणि तीन लेकरं तिनं एकटीनं ओढली, त्यामुळे बोलण्यात लाडीगोडी नव्हतीच. लोकांना नाव शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

खरी ललिता पवार मला भेटली ती तुम्हाला भेटली असेल तशीच, फोनच्या स्क्रीनवर. ‘एका थपडेनं उद्ध्वस्त केलं करिअर’ छापाचा व्हिडिओ, पार्श्वभूमीला रडकं संगीत. गोष्ट अशी: १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगला मास्टर भगवाननं तिला थप्पड मारायची होती. नवखा पोरगा, जोरात मारली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा मारला, डाव्या डोळ्याची शीर गेली, तीन वर्षं उपचार झाले, डोळा कायमचा बारीक राहिला. हिरॉइन संपली आणि खाष्ट सासू जन्माला आली. दीड मिनिटात सगळं.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे. सिस्टीम पडली की सगळ्यात आधी सांगितलेल्या कारणावर विश्वास ठेवायचा नाही, लॉग उघडायचे आणि कधी काय घडलं ते ओळीनं लावायचं, हे आमचं काम. थपडेच्या गोष्टीवरही तोच प्रयोग केला. थप्पड खरी आहे, इजाही खरी आहे. पण तारखा ओळीनं लावल्या की गोष्ट एवढी सरळ राहत नाही.

पहिली गडबड मास्टर भगवानच्या ‘नवखेपणा’त. हेच पुढचे ‘अलबेला’वाले भगवानदादा. १९४२ साली ते अजिबात नवखे नव्हते. मूकपटांपासून कामं करत होते आणि १९३८ साली ‘बहादूर किसान’च्या दिग्दर्शनातही त्यांचा हात होता. दोघंही याच धंद्यात वाढलेले मराठी कलाकार. एकाचा हात अंदाजापेक्षा जोरात बसला, एवढंच. पण ‘नवख्या पोरानं हिरॉइनला मारलं’ हे ऐकायला जास्त चटपटीत लागतं.

दुसरी गोष्ट, थपडेच्या आधी ती कोण होती. व्हिडिओत ‘सुंदर हिरॉइन’ या दोन शब्दांत हे उरकतात. जन्म १८ एप्रिल १९१६, येवल्याचा. नाव अंबा, वडील लक्ष्मणराव सगुण, रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. येवला म्हणजे पैठणीचं गाव, तेव्हा हे साहजिकच. पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत ही पोर बालकलाकार म्हणून आली. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये ती दिसली तेव्हा वय बारा. घरंदाज बायका पडद्यावर येत नसत, तो काळ. पुढे दिग्दर्शक जी. पी. पवारांशी लग्न झालं आणि अंबाची ललिता पवार झाली.

त्यांनी केलेला ‘दिलेर जिगर’ हा १९३१ चा मूकपट अजून शिल्लक आहे. हे वाक्य परत वाचा, कारण भारतात हजाराहून जास्त मूकपट बनले आणि त्यातले अगदी मोजके हाती राहिलेत. बाकीचे जळले, सडले, किंवा रिळांतली चांदी काढण्यासाठी विकले गेले. ‘दिलेर जिगर’ ही तलवारबाजीची साहसकथा आहे आणि तिच्यात पंधरा वर्षांची ललिता पवार आहे. म्हणजे ज्या बाईला आपण पाटावर बसून सुनेला टोमणे मारताना बघितलं, ती सुरुवातीला मारधाडपटांची नायिका होती.

आणि नुसती नायिका नाही. १९३२ च्या ‘कैलास’च्या निर्मितीत तिचा वाटा होता. बोलपट आला तशी १९३५ च्या ‘हिंमत-ए-मर्दां’मध्ये ती गायलीसुद्धा. १९३७ साली तिनं ‘दुनिया क्या है’ काढला. मूळ कथा टॉलस्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ची. एकविसाव्या वर्षी टॉलस्टॉयवर स्वतःचे पैसे लावणारी येवल्याची बाई! माझ्या वयाला मी ईएमआयवर फोन घेताना दोनदा विचार करतो. १९४१ साली मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये ती होती, कथा वि. स. खांडेकरांची. इथपर्यंत चौदा वर्षांची कारकीर्द झाली. मग थप्पड.

आता तिसरी तारीख. १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिता पवार आनंदीबाई. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची कथा आपण शाळेत वाचलेली असते: चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि बोट आनंदीबाईकडे गेलं. ‘ध’चा ‘मा’. महाराष्ट्राच्या कल्पनेतली सगळ्यात मोठी कारस्थानी बाई साकारायला प्रभातनं तिला निवडलं. थपडेनंतर ती तीन वर्षं घरी बसली आणि मग सासू होऊन बाहेर आली, या गोष्टीत हा चित्रपट कुठं बसवायचा? थपडेच्या दोनच वर्षांनी ती महाराष्ट्रातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्टुडिओच्या चित्रपटात होती आणि तेही खलनायिका म्हणून. वय अठ्ठावीस.

तरीही प्रश्न उरतोच. थप्पड बसली नसती तर ती नायिका राहिली असती का?

हे तपासायला आमच्या धंद्यात दुसरी सिस्टीम बघतात, जिच्यात तो बिघाड झालेलाच नाही. इथं अशा दोन बायका सहज सापडतात, दोघीही मराठी. लीला चिटणीस ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) मध्ये अशोक कुमारची नायिका होत्या, तिन्ही चित्रपट गाजलेले. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीप कुमारच्या आई झाल्या आणि १९५१ च्या ‘आवारा’मध्ये राज कपूरच्या. नायिका ते आई, मध्ये फक्त सात वर्षं. दुसऱ्या दुर्गा खोटे, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामती. १९६० साली त्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये सलीमची आई जोधाबाई झालेल्या आपल्याला माहीत आहेतच, पण आईच्या भूमिका त्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू होत्या. या दोघींना कुणी थप्पड मारली नव्हती.

आणि अशोक कुमार? तो लीला चिटणीसचा नायक होता, आणि १९५८ साली ‘हावडा ब्रिज’मध्ये मधुबालाचा नायक झाला. तेव्हा त्याचं वय सत्तेचाळीस. ललिता पवार त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. १९५५ च्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्याच मधुबालाची ती आत्या होती. माझा आवडता आकडा मात्र ‘दाग’चा. १९५२ साली या चित्रपटात ललिता पवार दिलीप कुमारची विधवा आई झाली. दिलीप कुमारचा जन्म डिसेंबर १९२२ चा. आईचं आणि मुलाचं अंतर साडेसहा वर्षं.

म्हणजे म्हातारपण थपडेनं आणलं नाही. ते तिशीच्या आसपास सगळ्याच जणींना वाटून दिलं जात होतं. थपडेनं ठरवलं ते वेगळंच: ती कुठल्या जातीची म्हातारी होणार. लीला चिटणीसांच्या वाट्याला शिलाई मशीनवर वाकलेली, खोकणारी आई आली. दुर्गा खोट्यांच्या वाट्याला राजमाता. बारीक झालेला डावा डोळा असलेल्या ललिता पवारच्या वाट्याला सासू. वयानं तिघी एकाच रांगेतल्या. चेहरा बघून खाती वाटली गेली.

इथं थोडं जपानला जाऊन येऊ. वाट वाकडी वाटेल, पण काम आहे. पुण्यात आमच्या ग्रुपनं एका रविवारी ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) लावला होता. गावाकडचे म्हातारा-म्हातारी शहरातल्या मुलांकडे जातात आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. बाळापूरहून पुण्याला आलेल्या कुणालाही ती दहाव्या मिनिटाला टोचायला लागते. त्यातला म्हातारा बाप चिशू र्यू. तो पडद्यावर सत्तरीचा दिसतो, प्रत्यक्षात एकोणपन्नास वर्षांचा होता. त्याचा थोरला डॉक्टर मुलगा झालेला सो यामामुरा त्याच्यापेक्षा सहा वर्षांनीही लहान नव्हता. ‘दाग’सारखाच हिशेब, एकाच वर्षाच्या अंतरानं, दोन वेगळ्या देशांत. फरक एवढाच की र्यूचं हे अकाली म्हातारपण जपानी सिनेमाचं भूषण ठरलं, ओझूच्या चित्रपटांतला तो सगळ्यांचा बाप झाला.

त्याच चित्रपटात थोरली मुलगी शिगे आहे, ब्युटी पार्लर चालवणारी. आईवडिलांना चांगला खाऊ आणला म्हणून नवऱ्यावर करवादणारी आणि आईच्या अंत्यसंस्कारानंतर जेवताना तिचा किमोनो मागून घेणारी. आमच्या ग्रुपमध्ये एकानं लगेच म्हटलं, “ही जपानची ललिता पवार.” तिचं काम केलंय हारुको सुगिमुरानं. ओझू आणि नारुसेच्या सिनेमांत ती कायम बाजूच्या भूमिकांत, बहुतेक वेळा तोंडानं फटकळ. पण रंगभूमीवर ती बुंगाकुझा या मोठ्या नाटक कंपनीची पहिली अभिनेत्री होती. ‘ओन्ना नो इश्शो’, म्हणजे ‘एका बाईचं आयुष्य’, या नाटकात तरुण मुलीपासून म्हातारीपर्यंतचा सगळा प्रवास तिनं १९४५ पासून नऊशेहून जास्त वेळा रंगवला. १९९५ साली सरकारनं संस्कृतीचा सर्वोच्च सन्मान देऊ केला, तो तिनं नाकारला.

सुगिमुराला सिनेमात दुय्यम काम करून संध्याकाळी परत जायला एक घर होतं, तिथं ती मुख्य होती. ललिता पवारला असं दुसरं घर नव्हतं. ती बारा वर्षांची असल्यापासून सिनेमातच वाढली, जे काही करायचं ते त्याच पडद्यावर, त्याच पाच-सात प्रसंगांत. त्यामुळे तिनं त्या प्रसंगांत काय केलं हे नीट बघायला हवं.

१९५० साली व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये ती हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाली. हुंडाबंदीचा कायदा यायला अजून अकरा वर्षं होती. ही भूमिका म्हणजे पुढच्या सगळ्या सासवांचा साचा. पण पाचच वर्षांनी, १९५५ साली, तिनं एका वर्षात दोन टोकं गाठली. ‘श्री ४२०’मध्ये फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई: फसवलं तर शिव्या घालणारी आणि भुकेला दिसला तर जेवू घालणारी. तिच्या तोंडचा ठसका बघा, आपल्याकडच्या आठवडी बाजारात टोपली मांडून बसलेल्या कुठल्याही बाईचा आहे. आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधली सीता देवी: श्रीमंत, इस्त्रीतली, पुरुषांच्या नावानं बोटं मोडणारी, घटस्फोटाच्या हक्कासाठी सभा घेणारी.

सीता देवीपाशी मी अडतो. तेव्हा हिंदू विवाह कायदा नुकताच येत होता आणि बाईला घटस्फोट मागता येणं ही देशभर भांडणाची गोष्ट होती. चित्रपट गुरुदत्तचा, गाणी, कॅमेरा, विनोद सगळं झकास. पण बायकांच्या हक्काची भाषा त्यानं कुणाच्या तोंडी घातली? तर ललिता पवारच्या. हा डोळा दिसला की प्रेक्षक आपोआप समजतो की ही जे बोलते ते चूक. कायद्याच्या बाजूचे मुद्दे ती बोलते आणि थिएटर हसतं. चेहऱ्याचा असा वापर मला बेरकी वाटतो, चित्रपट कितीही आवडला तरी.

दिग्दर्शकांत तिला उलट्या बाजूनं वापरायचं सुचलं ते हृषिकेश मुखर्जींना. ‘अनाडी’ (१९५९) मधली मिसेस डिसा ही ख्रिश्चन घरमालकीण. वरून भाड्यासाठी खेकसते, आतून भाडेकरूवर पोटच्या पोरासारखा जीव लावते. इथं तो डोळा दटावायच्या कामाचाही आहे आणि लाड लपवायच्याही. प्रेक्षक कडकपणाची अपेक्षा घेऊन बसलेला असतो, म्हणून मऊपणा दुप्पट लागतो. भेसळीच्या औषधानं ती मरते तेव्हा चित्रपटाचा कणाच हलतो. नायक-नायिकेच्या प्रेमापेक्षा हे मरण जास्त आठवत राहतं. या भूमिकेला तिला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. जाता जाता, फिल्मफेअरनं सहाय्यक कलाकारांना पहिल्यांदा पारितोषिकं दिली १९५५ साली, आणि तेव्हाचे दोन्ही विजेते आपल्याकडचे होते: ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड आणि ‘बादबान’साठी उषा किरण. दुय्यम कामात मराठी माणसं पहिल्यापासून पहिली, असं म्हणायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा. १९६१ साली तिला संगीत नाटक अकादमीचं पारितोषिकही मिळालं. १९७१ च्या ‘आनंद’मध्ये मुखर्जींनी तिला परत बोलावलं, इस्पितळाची मेट्रन म्हणून. नाव पुन्हा डिसा.

पण तुम्ही एकच चित्रपट बघणार असाल तर ‘प्रोफेसर’ (१९६२) बघा. शम्मी कपूर म्हाताऱ्या प्रोफेसरचं सोंग घेऊन शिकवणीला येतो आणि पुतण्यांना करड्या शिस्तीत ठेवणारी सीता देवी, म्हणजे ललिता पवार, त्या सोंगाच्या प्रेमात पडते. लिहिणाऱ्यांनी हे हसण्यासाठी लिहिलंय आणि हसू येतंही. मात्र ती आरशासमोर थांबते, जरा नटून खाली येते, बोलताना आवाज एक पट्टी खाली आणते, तेव्हा हसू अर्ध्यात अडकतं. ती तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. तेवढ्या वयात अशोक कुमारनं मधुबालासोबत गाणी केली. तिला मात्र प्रेमात पडण्याची परवानगी विनोद म्हणूनच मिळाली. तिनं त्या विनोदातून एक खरी बाई बाहेर काढली, पटकथेत ती असो नसो.

एवढं सगळं करूनही उरली ती सासूच. १९८० साली तर ‘सौ दिन सास के’ असं नावच होतं चित्रपटाचं. आणि मग २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. बाळापूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली जिल्हा व्हायला अजून बारा वर्षं होती. आई सांगते, रविवारी सकाळी ज्या घरी टीव्ही त्या घरी अख्खी गल्ली, टीव्हीला हार, समोर उदबत्ती. त्या पडद्यावर सत्तर वर्षांची ललिता पवार मंथरा झाली. वाकलेली पाठ, तोच डोळा. ज्यांनी आयुष्यात एकही हिंदी सिनेमा थिएटरात बघितला नव्हता त्या आमच्याकडच्या बायकांनाही ती माहीत झाली. मला वाटतं, गल्लीतलं विशेषण पक्कं झालं ते तेव्हाच.

२०२० च्या मार्चअखेर ‘रामायण’ परत लागलं तेव्हा मी लॉकडाऊनमध्ये गावी होतो. दिवसा लॅपटॉप, रात्री आजीसोबत टीव्ही. मंथरा कैकेयीच्या महालात आली. घरातले सगळे मजेनं आजीकडे बघायला लागले, कारण हे विशेषण आता घरातही चालायचं. आजीला अर्थात माहीत होतं. तिनं काही मनावर घेतलं नाही. मंथरा आधी रागावते, मग घाबरवते, मग एकदम लेकीशी बोलावं तशी मायेनं बोलते. आजी बघत होती. म्हणाली, “कशी बोलायली बघ. एकदाबी वरडना गेली. ह्या बाईला काम येतंय बाप्पा.” मग थोड्या वेळानं, “डोळ्याला काय झालं म्हनं हिच्या?”

मी थपडेची गोष्ट सांगितली. आजीनं विचारलं, “मंग काम सोडलं नाही का तिनं?”

नाही सोडलं, म्हणालो.

“सोडून जाईन कुठं,” आजी म्हणाली आणि परत टीव्हीकडे वळली.

ललिता पवारनं शेवटची वर्षं पुण्यात काढली, औंधला. मी रोज हिंजवडीला जाताना त्याच रस्त्यानं जातो. आज तिथं कॅफे, आयटीवाल्यांचे फ्लॅट आणि भरपूर ट्रॅफिक आहे. २४ फेब्रुवारी १९९८ ला ती घरात एकटी असताना गेली. नवरा, निर्माते राजप्रकाश गुप्ता, इस्पितळात होते. मृत्यूची बातमी लगेच बाहेर आली नाही. तेव्हा ती एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि त्यातली साधारण सत्तर वर्षं तिनं कॅमेऱ्यासमोर काढली होती.

औंधपासून सहा-सात किलोमीटरवर, लॉ कॉलेज रस्त्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. देशातले उरलेसुरले मूकपट तिथं सांभाळलेत, ‘दिलेर जिगर’ही त्यांतलाच. त्यात ललिता पवारचे दोन्ही डोळे सारखे आहेत आणि ती धावते आहे.